अक्काची दलाली आणि माझा ओटा

बाईमाणूस दलाल असतं, हे मला सत्तर वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. मी स्वतः दलाल. धुळ्याच्या बैलबाजारात चाळीस वर्षं मी रुमालाखाली हात घातलेत. घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात आणि मध्ये माझा. बोटं दाबायची, भाव ठरायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी दया केली म्हणून. पण बैलाचे दात बघून त्याचं वय आणि माणसाची बोटं दाबून त्याची गरज मला कळायची. आणि माझ्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी बाई एक दिवस मला म्हणते, "आबा, मी बी दलालच शे."

मी तिला आधी खोली खाली करायला सांगितलं. मग विचारलं, कसली दलाली?

तिचं नाव सांगत नाही. गावात सगळे तिला अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान असेल, पण सगळे म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणायचो. उंच, काटक बाई. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आणि साडीवरून कायम एक निळा एप्रन, मोठ्या दोन खिशांचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, धुळ्याला एका भांड्यांच्या दुकानात वीस वर्षं कामाला होती. तिथला तो एप्रन. दुकान बंद झालं, शेठनं जागा विकली, एप्रन हिच्या अंगावर राहिला. देवळात एप्रन, लग्नात एप्रन. माझ्या नातवाच्या बारशालाही तशीच आली तेव्हा मी बोललोच.

"अक्का, आजना दिन तरी हाई काढी ठेव."

"काढस ना आबा. पन मंग खिसा कोठे ठेवू?"

उजव्या खिशात फोन. डाव्या खिशात पेचकस, रबरं, टाचण्या आणि वजन करायचा एक लहान स्प्रिंगचा काटा. डब्यावर कंपनीनं जे वजन छापलं असेल ते ही आधी काट्याला लावून बघायची. बारशाला आलेला चांदीचा वाळासुद्धा तिनं काट्याला लावला. कमी भरला. तसं ती चारचौघांत म्हणाली. वाळा माझ्या व्याह्यांनी आणलेला होता.

दुकानात तिचं काम एकच, मिक्सर चालवून दाखवायचा. ओली चटणी, सुकी चटणी, शेंगदाण्याचा कूट. गिऱ्हाईक अर्धा तास बघायचं, चटणी चाखायचं, "उद्या येतो" म्हणायचं आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच फोनवरून तोच मिक्सर दुसरीकडून मागवायचं.

"पायरीवर?" मी म्हटलं.

"पायरीवरच. चटनीनं तोंड पुसत पुसत."

हे ऐकून मला जेवढा धक्का बसला तेवढा तिला बसलेला दिसला नाही. ती म्हणे, "मी मनमा म्हंतं, लोके दुकानमा देखतस अन् फोनमा लेतस. मंग मीच फोनमा जाई बठस ना."

आणि गेली. ती कशी गेली ते मला समजायला बरेच दिवस लागले, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. एखादी वस्तू ती आणायची, महिनाभर वापरायची, मग फोनसमोर धरून तिच्याबद्दल बोलायची. ते बोलणं फोनवरून जगाला दिसायचं. खाली निळ्या अक्षरांत एक ओळ असायची. ऐकणाऱ्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं की तो सरळ त्या मोठ्या कंपनीच्या फोनमधल्या दुकानात. तिथं त्यानं वस्तू घेतली तर कंपनी अक्काचा वाटा तिच्या खात्यावर टाकणार. घेणाऱ्याला भाव तोच, जास्तीचं काही नाही.

"कंपनीवाला तुले ओळखस?"

"नही."

"घेनारा?"

"तो मले फोनमा देखस. मी त्याले देखत नही."

"मंग तू मधमा शे, हाई कोणले समजस?"

"मशीनले, आबा."

दोन दिवस हे माझ्या घशाखाली उतरलं नाही. तिघांचे हात एका रुमालाखाली येत नाहीत तो सौदा कसला? माल मी पाहिला नाही, धनी मी पाहिला नाही, आणि मशीन म्हणतं हा तुझा गिऱ्हाईक! मी सूनबाईला विचारलं. सूनबाई दोंडाईच्याची, बारावी झालेली, खोटं बोलत नाही. ती म्हणाली, खरं आहे. मग मी अक्काच्या खोलीवर नजर ठेवायला लागलो.

जे पाहिलं त्यानं आणखी हबकलो.

ती नव्या वस्तूंचे हाल करायची. बूट आले की शेणात. प्लास्टिकचे डबे आले की गच्चीवरून खाली. पहिल्यांदा मी पाहिलं ते बॅटरीचं. नवी कोरी चार्जिंगची बॅटरी, खोक्यातून काढली, पेटवली आणि आमच्या गुरांच्या हौदात सोडून दिली. मी ओट्यावरून ओरडलो, "येडी व्हयनी का?"

"कंपनी म्हनस, पानीमा चालस. देखूत."

बॅटरी हौदाच्या तळाशी जळत होती आणि म्हैस पाणी प्यायला तयार नव्हती. अक्कानं स्वयंपाक केला, जेवली, भांडी घासली. दिवस कलला तेव्हा बॅटरी विझली. मग तिनं फोन गोठ्याच्या खांबाला केसांच्या रिबिनीनं बांधला, पदर नीट केला, एप्रन झटकला आणि बोलायला लागली:

"राम राम बठ्ठासले. कंपनी म्हनस, हाई बॅटरी पानीमा चालस. चालस. पन सांजलोंग. तुमले हौदमा उजेड पाडाना व्हई ते लेऊ नका. खेतमा पानी देवाले जातस त्यास्नाकरता चांगली शे. तुम्ही लिधी ते मले दलाली भेटस. नही लिधी तरी राम राम."

मी उभाच राहिलो. बाजारात आम्हीही बैलाची खोड सांगायचो, पण विचारल्यावर. बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, तर घेणाऱ्यानं विचारलं की खोटं बोलायचं नाही, एवढी आमची नीती. ही बिनविचारता सांगते! तेही सुरुवातीलाच! आणि त्यावर "मला दलाली मिळते" हेही सांगते. मी चाळीस वर्षांत घेणाऱ्याला कधी सांगितलं नव्हतं की देणाराही मला देतो. त्याला माहीत असायचं, पण मी सांगितलं नव्हतं.

खोली खाली करायचं बोलणं मी मागं घेतलं. तोंडानं नाही, मी तोंडानं काही मागं घेत नाही. फोनमध्ये चेहरा काळा दिसतो म्हणत होती, म्हणून खोलीत दुसरा बल्ब लावून दिला. तिनं बल्ब काढून काट्याला लावून पाहिला, ते वेगळं.

लोक ऐकायचे ते तिची भाषा ऐकायला. सूनबाई सांगायची, सुरतेला गेलेल्या आपल्याकडच्या बायका म्हणे अक्काचं बोलणं लावून भाकरी थापतात, घ्यायचं काही नसलं तरी. मिक्सरबद्दल ती म्हणायची, "आवाज इतला करस का शेजारीन भांडाले येई." नॉनस्टिक तव्याबद्दल म्हणाली, "हाऊ तवा मुंबईनी सून शे. लाडमा ठेवा, नही ते रंग सोडस." त्यावर मुंबईच्या चार सुना भांडायला आल्या, फोनमध्येच. अक्कानं चौघींना उत्तरं दिली आणि चौघींनी तवा घेतला.

एकदा एका कढईवाल्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. मी ओट्यावर होतो, ती खाली पायरीवर शेंगा सोलत होती. फोन मोठ्या आवाजात लावलेला. तो माणूस गोड बोलत होता. म्हणे ताई, कढई फुकट पाठवतो, वर मानधन देतो, फक्त कडा तापतात ते तेवढं बोलू नका.

अक्का म्हणाली, "पन कडा तापतस ना दादा?"

"तापतात, पण सगळ्यांच्याच तापतात."

"मंग बठ्ठास्ना सांगसू. फुकटनं खावानं व्हतं ते मी भाऊकडेच नही राहती का?"

त्यानं फोन ठेवला. त्याला काय माहीत कोण भाऊ. मला माहीत होतं. दुकान बंद झाल्यावर ती जामनेरला भावाकडे गेली होती. भाऊ चांगला, दोन मजली घर. भावजयीनं वर्षभरात एक वाईट शब्द काढला नाही. पण अक्का म्हणायची, "वरीसभर मले समजनं नही का त्या घरमा मना पानीना गिलास कोठे ठेवाना." एक दिवस तिनं ग्लास घासला, पालथा ठेवला आणि आमच्या गावी आली, मावशीचं गाव म्हणून. मावशी तोवर वारलेली होती. फाट्यावर उतरून तिनं खोलीची चौकशी केली आणि माझ्या दारात आली. तिला जगात एवढंच पाहिजे होतं. स्वतःची एक खोली, आणि तिचं भाडं स्वतःच्या तोंडाच्या कमाईचं. भाऊ दर महिन्याला फोन करायचा, ये म्हणून. ती म्हणायची, "भेटाले येसू. राहाले नही."

आता माझ्याबद्दल लिहायला लागतं, त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

बाजार सुटल्यापासून मी ओट्यावर बसायचो. ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि बैलांबरोबर माझं विचारणं गेलं. पूर्वी सोनगीरपासून लोक मला विचारायला यायचे. नंतर वाटेनं जाणारा नुसता "राम राम आबा" म्हणायचा आणि पाय न थांबवता पुढं जायचा. माणूस थांबतो की नाही एवढ्यावरून म्हाताऱ्याला आपली किंमत कळते.

अक्काचं ऐकून गावातले लोकही फोनवरून वस्तू मागवायला लागले. आपल्या अक्काच्या निळ्या ओळीवरूनच घ्यायचं, म्हणजे तिला मिळेल, असं बायकांनी ठरवलं. पण आमच्या गावात घरांना नंबर नाहीत. पार्सलवाला फाट्यावरून फोन करायचा, माणसं शेतात असायची, पार्सल परत जायचं. दोन-तीनदा असं झालं तेव्हा मी ओट्यावरून जाहीर केलं, "बठ्ठा लोके मना ओटाना पत्ता टाका. मी दिनभर आठेच शे."

कोणी मला विचारलं नव्हतं. मीच बोललो.

आणि बघता बघता माझा ओटा भरायला लागला. कुकर, फवारणीचा पंप, डास मारायची रॅकेट, पोरांचे बूट. पार्सलवाला गाडी थेट ओट्याला लावायचा आणि म्हणायचा, "आबा, आज सात शेत." मी फोनवर आलेला नंबर सांगायचो, सही ठोकायचो, ज्याचं त्याला बोलावणं पाठवायचो. माणूस यायचा, बसायचा, खोकं तिथंच फोडायचा, मला दाखवायचा. कसं आहे आबा? मी हात फिरवून सांगायचो. ज्यांच्या फोनला रेंज नव्हती किंवा पैसे भरता येत नव्हते, त्यांना मी म्हणायचो, कशाला धडपडता, आमच्या फोनवरून मागवा, पैसे सूनबाईच्या हातात द्या. सूनबाई कुरकुरली तर मी डोळे वटारायचो. आणि आमच्या फोनला इंटरनेट कुठलं? अक्काचं. ती खोलीतून चालू ठेवायची, आम्ही ओट्यावर वापरायचो.

अक्का हे सगळं बघायची. कधी दारात उभी राहून एप्रनला हात पुसत राहायची, काही बोलणार असं वाटायचं. मग आत जायची.

मला वाटायचं, मी तिचा धंदा वाढवतोय.

एका सकाळी ती फोन घेऊन आली आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसली. ती कधी ओट्यावर बसत नसे, पायरीवर बसायची. फोनमधलं वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. तुमचं खातं कायमचं बंद केलं आहे. तुम्ही तुमच्याच ओळीवरून स्वतः खरेदी करून दलाली घेतलेली दिसते. खात्यातली बाकी मिळणार नाही. निर्णय अंतिम आहे.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. "स्वतः खरेदी? कोनी करी?"

"मी करी, असं म्हनतस."

"तू कोठे करी? लोकेस्नी करी!"

"आबा, पत्ता एक. फोन एक. इंटरनेट मनं. मशीनले कसं समजी का हाई वीस घरं शेत?"

वीस घरं, पंचवीस घरं, जिवंत माणसं, पंप पाठीवर घेऊन शेतात उभी असलेली माणसं. आणि त्या मशीनच्या लेखी एकच बाई एका ओट्यावर बसून स्वतःलाच कुकर विकत होती!

"खाले सही कोनी शे?"

"सही नही शे."

"मंग चिठ्ठी कशी म्हनावानी? कोनी लिखी?"

"कोनीच नही लिखी, आबा."

मी उठलो, टोपी घातली. म्हटलं, चल, त्यांचं ऑफिस कुठं आहे, धुळ्याला की जळगावला? समोर बसून बोलू. बाजारात असे शंभर तंटे मी मिटवलेत. दोघांना समोर बसवलं की अर्धा तंटा तिथंच संपतो. अक्का माझ्याकडे बघून हसली. त्या दिवसात तेवढंच हसली.

"कोठे जाशात? त्यास्ना दरवाजाच नही शे."

पण मी हट्टी. म्हटलं, तू म्हणतेस कंपनीला फोनवरून फोटो पाठवता येतो. मग पाठव. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरोघर फिरलो. ज्यानं ज्यानं घेतलं त्यानं वस्तू घेऊन ओट्यावर यायचं. सगळे आले. शेतावर जाणं सोडून आले. एकीनं कुकर डोक्यावर घेतला होता, आत डाळ शिजलेली. एकानं पंप पाठीला लावला. सोनगीरच्या किल्ल्याकडे तोंड करून सगळे रांगेनं उभे राहिले, ऊन तोंडावर यावं म्हणून. लग्नातसुद्धा आमचं गाव इतकं सरळ उभं राहत नाही. मी म्हटलं, सगळ्यांची आधार कार्डंही जोड. अक्कानं साफ नाही म्हटलं. "लोकेस्ना कागद मी कोणलेच देवाव नही." फोटो पाठवला, खाली सगळी हकीकत लिहिली.

सूनबाईनं सगळ्यांसाठी चहा टाकला होता. तो उकळायच्या आत उत्तर आलं.

त्याच चार ओळी. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

लोक अजून रांगेतच उभे होते. कोणीतरी विचारलं, "काय म्हने आबा, देखं का त्यास्नी?" एवढी माणसं उभी केली होती आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. बैलाकडेसुद्धा घेणारा एकदा पाहतो.

लोक गेल्यावर मी अक्कावरच चिडलो. राग कुठंतरी काढायचा होता. म्हटलं, तुझा धंदा, तुझी कंपनी, आणि असा नियम आहे हे तुला माहीत नव्हतं? तू कसली दलाल?

ती खोक्यांचे पुठ्ठे गोळा करत राहिली. बोलली ती सूनबाई.

"आबा, अक्काले माहीत व्हतं. दोन महिना पहिलेच तिनी मले सांगेल व्हतं, का पत्ता बदलाले पाहिजेत, नही ते खातं जाई."

"मंग मले कसाले नही सांगं?"

सूनबाईनं अक्काकडे पाहिलं. अक्का मान हलवून नको नको करत होती. सूनबाईनं तरी सांगितलं. "मी म्हंतं, आबाले सांगस. तर अक्का म्हने, राहू दे. बाजार सुटना तव्हापाईन डोकरा पहिल्यांदा सकायमा दाढी करीसन ओटावर बठस. त्यानं हाई कसं काढी लेऊ?"

मी माझ्या गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत होता.

आयुष्यात मला बैलानं दोनदा मारलंय. एकदा बरगडी मोडली. तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. या बाईला काट्यावर अर्धा ग्रॅम कमी भरलेला सहन होत नव्हता, आणि तिनं माझ्या ओट्यासाठी स्वतःचं पोट जाऊ दिलं! मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते माहीतही होतं, दोनच शब्द. पण ते शब्द मी कधी वापरले नव्हते आणि त्या दिवशीही आले नाहीत. मी आत जाऊन पडून राहिलो.

महिना संपला तसं, पुढचं भाडं कमाईतून निघणार नाही म्हणून, तिनं सामान बांधलं. भाऊ गाडी घेऊन आला. चांगला माणूस, माझ्या पाया पडला. अक्का गाडीत बसली तेव्हा एप्रन तिच्या अंगावर नव्हता. मी तिला पहिल्यांदा नुसत्या साडीत पाहिलं आणि ती मला कोणी दुसरीच बाई वाटली, कुणाच्या तरी घरी पाहुणी चाललेली. मी म्हटलं, "येत जा." ती म्हणाली, "हाव आबा." गाडी फाट्याला वळली.

त्यानंतर पार्सलं आली. मी परत पाठवली नाहीत, पण ओट्यावर बसायचंही सोडलं.

पाऊसकाळ सरल्यावर एक दिवस सूनबाई फोन घेऊन आली. "आबा, अक्का उनी फोनमा." पाहिलं तर खरंच ती. मागं पिवळी भिंत, भावाच्या घराची असावी. हातात कुठलीच वस्तू नाही. ती म्हणत होती, "राम राम बठ्ठासले. आज इकाले काही नही शे. मनं खातं कसं बंद पडनं ते सांगस, म्हंजे तुमनं पडाव नही. एक पत्तावर बठ्ठ्या वस्तू मांगाडू नका. मले नियम माहीत व्हता, मी कोणले सांगा नही. चूक मनीच."

माझं नाव नाही. ओट्याचं नाव नाही. गावाचंसुद्धा नाही.

"खाले लोके काय लिखतस?" मी विचारलं.

सूनबाई वाचायला तयार होईना. मी दरडावलं तेव्हा वाचलं. एकानं लिहिलं होतं, स्वतःच घेऊन स्वतःच दलाली खात होती. दुसरा म्हणे, खोड सांगण्याचं नाटक करून बायकांना फसवलं. तिसऱ्यानं चोर म्हटलं होतं. साध्या, सरळ शब्दात, चोर. आणि त्यावर कितीतरी लोकांनी हसण्याची तोंडं काढली होती.

मी ताडकन उठलो आणि तसाच परत बसलो. सूनबाईला वाटलं मला चक्कर येतेय, ती पाणी आणायला धावली. बाजारात दलालाला कोणी चोर म्हटलं तर त्याचं बाजारात येणं संपतं, मग तो कितीही खरा असो. तिच्याजवळ आता खोली नव्हती, खातं नव्हतं, फक्त लोक तिचं ऐकत होते एवढंच उरलं होतं. तेही चाललं होतं, आणि ज्याच्यामुळे चाललं होतं तो इथं पाणी पीत बसला होता.

"मले लिखता येई का तठे?"

"तुम्ही सांगा आबा, मी लिखस."

"नही. मीच."

फोन मांडीवर घेतला. अक्षरं बारीक, माझा अंगठा जाड. एक दाबायला जावं तर शेजारचं उमटायचं. जेवणाआधी बसलो होतो, उठलो तेव्हा म्हशी चरून परत आल्या होत्या. चार ओळीच झाल्या:

"मी बैलबाजारचा दलाल. अक्का माझ्या घरात राहत होती. सगळ्यांची पार्सलं माझ्या ओट्यावर आली ती मी सांगितलं म्हणून, तिला न विचारता. माणसं खरी आहेत, चूक माझी आहे."

खाली माझं पूर्ण नाव घातलं, गावाचं नाव घातलं. सूनबाई म्हणाली, "आबा, बठ्ठी दुनिया वाचस." मी म्हटलं, मी लपून लिहिलेलं नाही. आणि दाबलं.

थोड्या वेळानं सूनबाई मोठ्यानं हसायला लागली. माझ्या ओळींखाली आमच्या गावाच्या ओळी यायला लागल्या होत्या. कुकरवाली लिहीत होती, कुकर मी घेतला, शिट्टी कच्ची आहे पण घेतला मीच. पंपवाला, पंप माझा. बूटवाल्या पोराचा बाप. रॅकेटवाली म्हातारी, नातीकडून लिहवून घेतलेलं. एकामागून एक, स्वतःच्या नावानं. त्यांना मी सांगितलं नव्हतं. मशीननं ज्यांना पाहिलं नव्हतं ती सगळी माणसं परत रांगेत येऊन उभी राहिली, आणि या वेळी लोक वाचत होते. सुरतेच्या एका बाईनं लिहिलं, आम्हाला माहीतच होतं.

अक्कानं कोणालाच उत्तर दिलं नाही. तीन दिवस नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सूनबाईनं माझ्या कानाला लावला. तिकडून अक्का म्हणाली, जामनेरचा एक भांडेवाला शेठ आहे, त्यानं सगळं वाचलं. म्हणतो, माझी भांडी तुम्ही तोंडानं सांगा, लोक फोनवरून मागवतील, मी ज्याच्या त्याच्या घरी पोचवतो. वाटा ठरवलाय, समोर बसून. 

"आबा," ती म्हणाली, "मांगनी खोली कोणले दिधी का?"

तिकडे ती "आबा, आबा" म्हणत होती. मी फोन सूनबाईच्या हातात दिला आणि दाराआडचा झाडू घेतला. उभ्या आयुष्यात मी झाडूला हात लावला नव्हता. सूनबाई फोन कानाला धरून, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. मी मागच्या खोलीकडे गेलो.